कलकत्ता कपासाठी एडिनबरा

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

येत्या फेब्रुवारीत १४ तारखेला, शनिवारी, एडिनबराच्या मरेफील्ड मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात सिक्स नेशन्स स्पर्धेतला रग्बीचा सामना आहे आणि त्याची चार तिकिटे दादाच्या हाती आली आहेत. लीड्सला तो ज्या क्लबात जातो तिथल्या एका ज्येष्ठ सभासदाच्या ओळखीने ती मिळाली. एरवी खुल्या विक्रीत या सामन्याचे तिकीट मिळणे दुरापास्त असते. फोनवर तारीख सांगून झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "तुम्ही दोघं फक्त वेळेवर पोहोचा, बाकीचं सगळं तू ठरव." वहिनी मागून हसली, कारण घरातल्या प्रत्येक प्रवासाची आखणी शेवटी माझ्याच गळ्यात पडते, हे तिला ठाऊक आहे. हे "बाकीचं सगळं" ठरवण्यात आजचा अख्खा रविवार गेला.

एरवी आम्ही आधी शहर निवडतो आणि विमान ज्या आठवड्यात स्वस्त असेल त्या आठवड्यात तिकडे जातो. सामन्यासाठी जायचे म्हटले की हा क्रम उलटा होतो. तारीख आपली नसते, वेळही आपली नसते, आणि सामना पाहायला येणाऱ्या सदुसष्ट हजार माणसांपैकी बाहेरगावच्या सगळ्यांनाच त्या दोन रात्रींसाठी खोली हवी असते. त्यात यंदा तारीख व्हॅलेंटाइन डेची आली आहे. किल्ला दिसेल अशी खिडकी शोधणारी जोडपी आणि रग्बीची मंडळी एकाच खोल्यांवर तुटून पडलेली असल्याने जुन्या शहरातले दर पाहून मी ती पाने तशीच बंद केली. महापालिकेने मुक्कामाच्या बिलावर ५ टक्के पर्यटक कर लावायचे ठरवले आहे, पण तो २४ जुलै २०२६ पासून सुरू होणार असल्यामुळे आमच्यावर पडणार नाही, एवढाच काय तो दिलासा.

खरा अडसर मात्र खोलीचा नसून पासपोर्टचा आहे. नेदरलँड्सच्या रहिवासाच्या कार्डावर आम्ही पॅरिसला किंवा रोमला शुक्रवारी संध्याकाळी उठून जाऊ शकतो, पण ब्रिटनपुढे ते कार्ड चालत नाही. ऑफिसातल्या माझ्या डच मैत्रिणीला तिकडे जाताना मोबाइलवर १६ पौंडांची पूर्वपरवानगी काढावी लागते. मला आणि नवऱ्याला मात्र प्रत्येकी १२७ पौंड भरून, बँकेचे कागद जोडून, बोटांचे ठसे देऊन व्हिसा घ्यावा लागेल. ऐंशी मिनिटांच्या खेळासाठी सहा महिन्यांचा व्हिसा काढण्यात थोडा विनोद आहे, हे मान्य. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे डिसेंबर हाताशी आहे. मधल्या नाताळच्या सुट्ट्यांचे दिवस मी हिशेबात धरत नाही.

जायचे कसे, यावरही घरात थोडी चर्चा झाली. आमस्टरडॅमहून एडिनबराला विमान दीड तासात पोहोचते आणि तिकडचे घड्याळ एक तास मागे असल्याने शुक्रवारी ऑफिस लवकर आटोपून निघाले तरी संध्याकाळ हाती लागते. मला खरे म्हणजे आयमाउडनहून न्यूकॅसलला रात्रभर प्रवास करणारी बोट खुणावत होती, तिथून पुढे रेल्वेने दीड तास. पण फेब्रुवारीतला उत्तर समुद्र ही काय चीज आहे याचे नवऱ्याने इतके तपशीलवार वर्णन केले, की तो बेत मी त्याच्या पोटासाठी सोडून दिला. दादा आणि वहिनीला ही विवंचना नाही. ती दोघे लीड्सहून यॉर्कमार्गे पूर्व किनाऱ्याच्या गाडीने तीन-साडेतीन तासांत येतील, आणि बेरिकच्या पुलावरून समुद्र दिसावा म्हणून वहिनीने जाताना उजव्या हाताची खिडकी आत्ताच सांगून ठेवली आहे.

रात्री जेवण झाल्यावर या सामन्याच्या कपाविषयी पुन्हा एकदा सविस्तर वाचले. स्पर्धा सहा देशांची असली तरी स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यातल्या सामन्याला स्वतःचा वेगळा करंडक आहे आणि त्याचे नाव कलकत्ता कप आहे. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात एका बाजूला इंग्लंडचे वीस आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे वीस असे साहेब रग्बी खेळले. तो खेळ इतका रंगला, की पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. क्लबात सभासदांना दारू फुकट मिळत असे. ती सवलत बंद झाल्यावर गर्दी ओसरली, पलटण दुसरीकडे गेली, उरलेले लोक त्या हवेला अधिक मानवणाऱ्या पोलो आणि टेनिसकडे वळले आणि १८७८ साली क्लब मोडला. बँकेत शिल्लक होती ती चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते २७० रुपये वितळवले आणि त्याचा कप घडवून इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. कपाला फणा काढलेल्या नागांच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. पहिला सामना १८७९ मध्ये एडिनबरातच झाला आणि तो बरोबरीत सुटला.

दादाला या कथेतला फुकटच्या दारूचा भाग फार आवडतो आणि तो ती दर वर्षी नव्याने सांगतो. मी आज वाचताना सालापाशी थांबले. १८७६ ते १८७८ ही दख्खनच्या मोठ्या दुष्काळाची वर्षे आहेत. सोलापूर, अहमदनगर, विजापूर या भागांतली माणसे सरकारी कामावर खडी फोडत होती आणि मजुरीत धान्य किती द्यावे यावर अधिकारी वाद घालत होते. त्याच वर्षांच्या शेवटी देशाच्या दुसऱ्या टोकाला एक क्लब आपल्या शिलकीचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर कप घडवून देतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही आणि मी तो जोडतही नाही. क्लबाचे पैसे क्लबाचे होते. पण आजीच्या तोंडी ज्यांचे नाव सतत असायचे ते राणीछाप रुपये त्या मुशीत गेले असणार, आणि शनिवारी कर्णधार तो कप उचलेल तेव्हा भोवतालच्या सदुसष्ट हजारांत हे आठवणारे आम्ही चौघेच असलो तरी चालेल. म्हणून सामन्याला जाऊ नये असे मला मुळीच वाटत नाही. उलट जाण्याला त्यामुळे एक कारण अधिक मिळाले.

शनिवार, १३ डिसेंबर

खोली लीथमध्ये घेतली. लीथ हे एडिनबराचे बंदर, १९२० पर्यंत स्वतंत्र नगर होते आणि तिथले लोक अजून ते विसरलेले नाहीत, असे दादा म्हणतो. २०२३ मध्ये ट्राम तिथपर्यंत वाढवल्यापासून बाहेरगावच्या माणसासाठी ही जागा उत्तम झाली आहे, कारण तीच ट्राम शहराच्या मध्यातून मरेफील्डच्या दारात आणि पुढे विमानतळापर्यंत जाते. नकाशावर मैदानापासून सर्वांत जवळचे हॉटेल शोधण्यात मला काही अर्थ दिसत नाही. सामना सुटल्यावर ट्रामची रांग मैदानापाशीच सर्वांत लांब असते, तेव्हा आम्ही गर्दीबरोबर हेमार्केटवरून प्रिन्सेस स्ट्रीटपर्यंत चालत येऊन तिथे ट्राम धरणार आहोत. ती अर्ध्या-पाऊण तासाची चाल हाच सामन्याचा उत्तरार्ध असतो, हे दादाचे मत मला पटते.

शनिवारच्या बेतावर मात्र नवऱ्याशी बराच वेळ वाद झाला. त्याला किल्ल्यांचे वेड आहे. सह्याद्रीतला एकही चढ न सोडलेल्या माणसाला ज्वालामुखीच्या घट्ट झालेल्या दगडावर उभा असलेला एडिनबराचा किल्ला आतून पाहायचाच आहे, दुपारी एक वाजता तिथे उडणारी तोफही पाहायची आहे आणि शिवाय आर्थर्स सीटची २५१ मीटरची टेकडीही चढायची आहे. मी त्याला वेळ मांडून दाखवली. सामना ४ वाजून ४० मिनिटांनी सुरू होतो, दादाच्या हुकमानुसार सव्वाचारला आपापल्या जागेवर बसायचे आहे, त्याआधी जेवण आणि मैदानापर्यंतची गर्दी धरली तर दीडनंतरचा वेळ आपला नाही. सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि सव्वापाचला मावळतो, म्हणजे सामन्याचा बराचसा भाग दिव्यांच्या उजेडातच होणार. शेवटी किल्ला साडेनऊला उघडताच आत शिरून बाराच्या आत बाहेर पडायचे, असे ठरले. तोफ ऐकायला तिकीट लागत नाही, ती खाली प्रिन्सेस स्ट्रीटवरही दणदणीत ऐकू येते, आणि रविवारी ती उडत नसल्यामुळे शनिवारशिवाय गत्यंतर नाही. आर्थर्स सीट मात्र कापले. थकलेल्या पायांनी आणि भिजलेल्या कपड्यांनी मरेफील्डला बसण्याची माझी तयारी नाही.

सव्वाचारचा हुकूम कशासाठी, तर राष्ट्रगीतासाठी. स्कॉटलंडच्या गीताचे पहिले कडवे बॅगपाइपच्या साथीने होते आणि दुसऱ्या कडव्याला वाद्ये थांबतात, तेव्हा सारे मैदान नुसत्या गळ्यावर गाते. दादाच्या मते त्या अर्ध्या मिनिटासाठी तिकिटाची निम्मी किंमत द्यावी. त्याला हे वेड मुंबईत लागले. कॉलेजच्या दिवसांत पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेर उभा राहून तो चिखलात लोळणारे खेळाडू पाहत असे आणि घरी आल्यावर डबा का खाल्ला नाही म्हणून आईची बोलणी खात असे, कारण डबा तिथल्याच एखाद्या सोबत्याच्या पोटात गेलेला असायचा. त्या कुंपणावरूनच त्याने स्क्रम आणि लाइनआउट या खेळ पुन्हा सुरू करण्याच्या दोन रीतींतला फरक शिकून घेतला. मला रग्बी समजते ती सगळी त्याच्याकडून.

नवऱ्याला अजून बरेच समजायचे आहे. ट्रायला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की, पाच गुण, त्यानंतर खांबांमधून मारायच्या किकला, म्हणजे कन्व्हर्जनला, दोन, पेनल्टीला तीन, एवढे त्याने पाठ केले आहे. कन्व्हर्जनचे महत्त्व पटवायला मी त्याला या वर्षीचा लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावरचा सामना दाखवला. स्कॉटलंडने तीन ट्राय केले, इंग्लंडने एकच केला, तरी स्कॉटलंड १६-१५ असे हरले, कारण फिन रसेलच्या तिन्ही कन्व्हर्जन चुकल्या आणि त्यातली शेवटची अगदी अखेरच्या क्षणांत. त्यामुळे सध्या कप इंग्लंडकडे आहे. त्याआधीची चार वर्षे तो स्कॉटलंडकडे होता आणि २०२४ मध्ये मरेफील्डलाच डूहान व्हॅन डर मर्वेने एकट्याने तीन ट्राय करून इंग्लंडला ३०-२१ असे हरवले होते. हे मैदान उघडले तेच १९२५ मध्ये इंग्लंडला १४-११ असे हरवून, त्यामुळे तिथे हिशेब जुने आहेत. फुटबॉलच्या मानाने प्रेक्षकांत वैर मात्र नाही. स्कॉटलंडमध्ये १९८० च्या दंगलीनंतर फुटबॉलच्या मैदानांत दारूबंदी आली, रग्बीवरची ती २००७ मध्ये उठवली गेली, आणि दोन्ही बाजूंचे लोक शेजारी शेजारी बसतात. आमच्यातही दादा इंग्लंडच्या पांढऱ्या जर्सीत असेल आणि वहिनी निळ्या. खेळाडूंनीही कधीकधी मैत्री जरा जास्तच निभावली आहे. १९८८ च्या सामन्यानंतर इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री यांनी तो चांदीचा कप रात्री एडिनबराच्या रस्त्यांवर चेंडूसारखा खेळवून चेपवला. जेफ्रीवर सहा महिन्यांची बंदी आली आणि रिचर्ड्सला एका सामन्यापुरते वगळले गेले.

रविवारचा बेत मला सर्वांत आवडला आहे आणि तो नकाशा पाहता पाहता आपोआप जुळला. मरेफील्डच्या कडेने वॉटर ऑफ लीथ नावाची लहानशी नदी वाहते. रोझबर्नपासून तिच्या काठची पायवाट धरली की आधुनिक कलेचे संग्रहालय, जुन्या पिठाच्या गिरण्यांचे डीन व्हिलेज, आणि मग स्टॉकब्रिज लागते, जिथे रविवारी बाजार भरतो. स्टॉकब्रिजलाच रेबर्न प्लेस आहे. २७ मार्च १८७१ रोजी रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना तिथे झाला, एकेका बाजूला वीस खेळाडू घेऊन, आणि तो स्कॉटलंडने जिंकला. कलकत्ता कपाचा पहिला सामनाही तिथलाच. तिथून तशीच पुढे चालत राहिली तर ती नदी आमच्या हॉटेलाजवळ, लीथच्या बंदरात समुद्राला मिळते. रॉयल माइल आणि राजवाडा यांची नावे यादीतून खोडताना मला काहीच वाटले नाही. सामन्यासाठी आलेल्या माणसाला शहराने स्वतःच एक वाट आखून दिली असताना दुसरी कशाला शोधायची?

कपडे अजून ठरायचे आहेत. २०२० मध्ये याच मैदानावर, याच महिन्यात, सियारा वादळात हा सामना झाला होता आणि वाऱ्याने किकचे पार खोबरे केले होते. तेव्हा छत्री घरी राहील आणि मुंबईहून आणलेले जाड रेनकोट बरोबर येतील. सोमवारी सकाळी ठसे द्यायची वेळ मिळाली आहे. पासपोर्ट परत येईपर्यंत विमानाचे तिकीट घ्यायचे नाही, असा माझा नियम आहे आणि दर वाढले तरी तो मोडायचा नाही. हॉटेलची खोली १ फेब्रुवारीपर्यंत रद्द करता येते, तोवर व्हिसा आला नाही तर आमच्या दोन जागा लीड्सच्या क्लबातले कोणीतरी आनंदाने घेईल, हे दादाने आजच फोनवर सांगून टाकले. जरा जास्तच उत्साहाने.