तुम्ही विचारलंत म्हणून: एनएसएस का केलं?

"एनएसएसमध्ये दोन वर्षं घातलीस, मिळालं काय? दहा ग्रेस मार्क?" हा प्रश्न नातेवाइकांपासून ऑफिसातल्या लोकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. एनएसएस म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना. आता एकदाच नीट लिहिते.

पहिलं खरं कारण सांगते. मला डोंगरात जायचं होतं आणि घरचे सोडत नव्हते. मैत्रिणींबरोबर राजगडला जाते म्हटलं की घरात अबोला, पण तेच कॉलेजच्या लेटरहेडवर "सात दिवसांचं विशेष श्रमसंस्कार शिबिर, मुलींची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत, सोबत मॅडम" असं आलं की बाबा सही करायचे. माझ्या बॅचच्या कितीतरी मुली अशाच पहिल्यांदा घराबाहेर राहिल्या. त्यामुळे "सेवेच्या नावाखाली फिरायला मिळतं" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हो, मिळतं, मग? मुलांना ते सही न घेता मिळतं. गुंजवण्यातून चोरदरवाज्यानं चढताना शेवटच्या कातळात रेलिंग धरून मी वर आले, पद्मावती माचीवर उभी राहिले आणि मग दुपारभर आम्ही गोण्या घेऊन बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं गोळा केली. दोन्ही गोष्टी मला सारख्याच आवडल्या.

पण मी टिकले ती त्यामुळे नाही.

शिबिर वेल्ह्याच्या बाजूला, कॉलेजनं दत्तक घेतलेल्या एका गावात होतं. काम वनराई बंधाऱ्याचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, दाभणानं तोंड शिवायचं, साखळी करून ओढ्यात पोचवायच्या आणि विटांसारखे सांधे मोडत एकावर एक रचायच्या, फटीत चिकणमाती ठासायची. सुतळीनं बोटं सोललेली, कमरेचे काटे ढिले, तरी चौथ्या दिवशी पाणी तुंबायला लागलं तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो. तेवढ्यात वरच्या वस्तीवरची एक मावशी हंडा घेऊन थांबली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "पोरींनो, ह्ये पानी वर येनार हाय का आमच्याकडं?"

कोणीच बोललं नाही. वस्ती टेकाडावर, बंधारा खाली. आणि बंधाऱ्याला लागून ज्यांचं शेत होतं त्यांचा मोटरीचा पाइप आमच्या आधीच येऊन पडलेला होता, काळा, नवा कोरा, गुंडाळीवरचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. मी तो रोज बघत होते. जेवणाच्या सुट्टीत त्यावर बसलेसुद्धा होते.

रात्रीच्या गटचर्चेत मी विचारलं, जागा कोणी ठरवली? सर म्हणाले, ग्रामपंचायतीनं दाखवली. मी म्हटलं वस्तीवर कोणी विचारलं का? सर चिडले नाहीत, ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आपण सात दिवसांचे पाहुणे आहोत. आपण भांडण लावून निघून जाणार आणि राहायचं त्यांना आहे." अर्धा गट त्यांच्या बाजूनं, अर्धा माझ्या. रडारड झाली, एक मैत्रीण कायमची तुटली. दुसऱ्या दिवशी मी कामाला जायचं नाही असं ठरवून अंथरुणात पडून राहिले, आणि प्रभातफेरीचा आवाज लांब गेल्यावर उठून फावडं घेऊन गेले. बंधारा पूर्ण केला.

तेव्हाची मी म्हणायची की मी शरण गेले. आज मी तिच्याशी भांडते. न जाऊन तू काय केलं असतंस, त्या मावशीच्या हंड्यात एक तांब्या तरी पडला असता का? पण तीही ऐकत नाही, ती म्हणते मग पाइप दिसत असून गोणी का उचललीस. बरं, साठलेलं पाणी जमिनीत मुरतं, खालच्या विहिरींना फायदा होतोच, हे सगळं मी लोकांना छातीठोक सांगते. खरंही आहे ते. वस्तीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र ते नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षी परत नाव दिलं. १२० तास दर वर्षी, दोन वर्षांचे २४०, मग सर्टिफिकेट, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. मला सर्टिफिकेट नको होतं असं नाही, हवंच होतं. पण त्या वर्षी आम्ही मुलींनी हट्ट धरला की आधी घरोघर फिरायचं आणि मग काम ठरवायचं, आणि सरांनीच पंचायतीत जाऊन ते मान्य करून आणलं. वस्तीवरचा गाळानं बुजलेला झरा उपसला, कडेनं दगड लावले. ती मावशी आमच्याबरोबर घमेली उचलत होती. मार्चमध्ये सरांना फोन आला की पाणी आहे. एप्रिलमध्ये टँकर लागला.

सर पहिल्या वर्षी जे बोलले ते मला अजून पटलेलं नाही. त्यांच्याजागी मी असते तर काय बोलले असते, हेही मला सांगता येत नाही.