बाळंतिणीच्या ताटातली फेत्तुचिने

रोममधला चौथा दिवस. आरा पाचिस ही रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातली वेदी पाहून बाहेर पडलो, त्याच्या समाधीला वळसा घातला आणि चौकातल्या ‘इल व्हेरो आल्फ्रेडो’ या हॉटेलच्या दारात येऊन थांबलो. व्हेरो म्हणजे खरा.

आई म्हणाली, “म्हणजे दुसरा कुणी खोटा आहे का?”

खोटा नाही, पण दुसरा आहे. आत बसल्यावर मी तिला सगळं सांगायला घेतलं.

1908 साल. आल्फ्रेडो दि लेलिओ रोममधल्या पियात्सा रोझा या चौकात आपल्या आईच्या खानावळीत काम करायचा. बायकोला, इनेसला, मुलगा झाला. त्याचं नाव आर्मांदो. बाळंतपणात इनेस फार अशक्त झाली, अन्नावरची वासनाच गेली. तेव्हा आल्फ्रेडोने स्वतःच्या हाताने फेत्तुचिने, म्हणजे पास्त्याच्या लांब चपट्या पट्ट्या केल्या, त्यात भरपूर लोणी आणि पार्मिजानो चीज कालवून तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्या खाल्ल्या आणि खानावळीतही ठेवायला सांगितल्या, असं घरचे सांगतात.

“बाळंतिणीला स्निग्ध लागतंच गं, मग ती कुठलीही असो,” आई म्हणाली.

तेवढ्यात वेटर गरम ताट घेऊन आला. वाफाळत्या फेत्तुचिने, लोणी, वर बारीक किसलेलं चीज. काटा-चमच्याने तो त्या उंच उचलायचा, सोडायचा, पुन्हा उचलायचा. आधी लोणी वेगळं दिसत होतं, चीज वेगळं. मग फेत्तुचिनेच्या अंगच्या पिठूळ पाण्याने दोन्ही मिळून आली आणि प्रत्येक पट्टीवर फिकट पिवळा, तुकतुकीत लेप चढला. क्रीम नाही, लसूण नाही. आपल्याकडे ‘अल्फ्रेडो’ म्हणून जो पांढरा सॉस मिळतो, त्याच्याशी याचं नावापुरतंच नातं. (कडक शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा: फेत्तुचिनेत अंडं असतं, आणि पार्मिजानोसाठी दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. आईला मी हे आधीच सांगितलं होतं. तिने खायचं ठरवलं.)

गॅलेरिया कोलोन्ना या मोठ्या इमारतीच्या बांधकामात पियात्सा रोझा 1910 मध्ये नाहीसाच झाला. 1914 मध्ये आल्फ्रेडोने व्हिया देल्ला स्क्रोफा या रस्त्यावर स्वतःचं हॉटेल काढलं. हॉलिवूडचे तारे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स तिथे येऊन या पदार्थाच्या प्रेमात पडले. 1927 मध्ये त्यांनी आल्फ्रेडोला नाव कोरलेला सोन्याचा काटा-चमचा दिला. त्या दोघांमुळे हा पदार्थ अमेरिकेत पोचला. मग युद्ध आलं. 1943 मध्ये आल्फ्रेडोने ते हॉटेल आपल्याच दोन वेटरना विकलं, नावासकट. तेही आजवर चालू आहे. आईने विचारलेला ‘दुसरा’ तो.

मला सगळ्यात भिडतं ते पुढचं. 1950 मध्ये साठी ओलांडलेला आल्फ्रेडो पुन्हा उभा राहिला आणि या चौकात त्याने ही जागा उघडली. जोडीला आर्मांदो होता, ज्याच्या जन्मामुळे हा पदार्थ झाला तोच, आता 42 वर्षांचा. आल्फ्रेडो 1959 मध्ये गेला. पुढे नातवंडांनी कारभार सांभाळला. त्यांची नावं आल्फ्रेडो आणि इनेस.

“आजीचं नाव ठेवलंय,” आई म्हणाली, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. ताटाच्या कडेला राहिलेलं लोणी तिने पावाने निपटून घेतलं.

“तुझ्या वेळी सासूबाई रोज सकाळी डिंकाचा लाडू हातावर ठेवायच्या. स्वतः समोर बसायच्या, मी संपवेपर्यंत.”