धरून ठेवलेला सूर

सोमवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवे मालवून, हेडफोन लावून 'फॉल्स लँकम' हा अल्बम पुन्हा सलग ऐकला. बारा तुकडे, सत्तर मिनिटांच्या आसपास. मध्ये उठायला जागाच नाही. गाण्यांच्या अधेमधे 'फ्यूग' नावाचे तीन तुकडे घातले आहेत. त्यांच्यात एक गाणं मावळत जातं आणि त्याच काळोखातून दुसरं वर येतं. संपल्यावर कुणाशी बोलावंसं वाटलं नाही, म्हणून लिहायला बसले.

लँकम हा डब्लिनचा चौघांचा बँड. इयन आणि डॅरा लिंच हे भाऊ, रेडी पीट, आणि कॉर्मक मॅक डियरमडा. जॉन 'स्पड' मर्फी हा त्यांचा निर्माता, आणि अलीकडचं ध्वनिमुद्रण ऐकलं की तो पाचवा वादकच वाटतो. 'रफ ट्रेड' या लंडनच्या स्वतंत्र कंपनीकडून त्यांचे अल्बम येतात. त्याआधीचा, २०१४चा 'कोल्ड ओल्ड फायर' तर त्यांनी स्वतःच काढला होता. पुढे २०१९च्या 'द लिव्हलाँग डे'ला आयर्लंडचं चॉइस म्युझिक प्राइझ मिळालं, २०२३च्या 'फॉल्स लँकम'लाही मिळालं, आणि त्याच वर्षी हा अल्बम ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या उत्तम अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी प्राइझच्या बारा जणांच्या यादीतही होता. मर्क्युरी 'एझ्रा कलेक्टिव्ह' या जॅझवाल्यांना गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आठ-आठ, दहा-दहा मिनिटांची, पिढ्यान् पिढ्या तोंडोतोंडी आलेली गाणी त्या यादीपर्यंत पोचली, याचाच आनंद मोठा होता.

आता त्यांच्याबद्दल भरपूर लिहून येतं आणि मी मिळेल ते वाचते. 'प्रायोगिक', 'भयावह', 'डूम' (संथ, जड, काळोख्या मेटल संगीतासाठीचा शब्द) हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. शब्द चुकीचे नाहीत. पण वाचताना असं वाटत राहतं, की जणू गोडगोजिरं जुनं गाणं घेऊन या चौघांनी त्याला काळा रंग फासला. माझ्या कानाला तसं ऐकू येत नाही. काळोख गाण्यात होताच. तो झाकला गेला होता.

'द वाइल्ड रोव्हर' घ्या. आयरिश पबमधलं सगळ्यांत ओळखीचं गाणं. धृपदाला सगळे टेबलावर थापा मारतात, ग्लास उंचावतात. या गाण्याचं मूळ १७व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका छापील पत्रकापर्यंत मागे नेता येतं, आणि त्यातला माणूस आहे कोण? सगळा पैसा दारूत घालवलेला, पश्चात्तापाने खचलेला. त्याच्या पश्चात्तापावर आपण टाळ्या पिटतो. 'द लिव्हलाँग डे' या अल्बमची सुरुवात लँकम याच गाण्याने करतात आणि ते दहा मिनिटांहून जास्त चालतं. थापा नाहीत, घाई नाही. शब्द एकेक करून येतात आणि खाली सूर साचत जातो, तळघरात पाणी भरत जावं तसा. शेवटाकडे तो इतका वर येतो की गाणारा माणूस त्यात बुडालेला ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, अरे, हे गाणं कशाबद्दल आहे ते आज कळलं.

मंगळवार

सकाळी बसमध्ये पुन्हा लावलं आणि पहिल्या कडव्यातच बंद केलं. उतरायच्या थांब्याकडे लक्ष ठेवून ऐकायचं हे गाणं नव्हे.

बुधवार, रात्र

आज पेटी काढली. बऱ्याच महिन्यांनी. कारण लँकमच.

त्यांच्याकडे पेटी आहे. हार्मोनियम, काँसर्टिना (दोन हातांत धरायची छोटी भात्याची पेटी), अकॉर्डियन, फिडल म्हणजे व्हायोलिन, गिटार, आणि इयनचे इलन पाइप्स, आयर्लंडची बॅगपाइप. हे शेवटचं वाद्य मला फार आवडायला लागलंय. तोंडाने फुंकायचं नाही. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी. आयरिश भाषेत कोपराला जो शब्द आहे त्यावरूनच नाव पडलं. मांडीवर तीन नळ्या आडव्या असतात, त्यांचं काम एकच: एकच स्वर तीन सप्तकांत धरून ठेवणं. वर बोटांनी सूर कितीही नाचवा, खाली ते तिघं हलत नाहीत. २०१७ मध्ये युनेस्कोने या वादनपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

म्हणजे भाता, पट्टी आणि अखंड धरलेला स्वर. तंबोऱ्यावर कान घडलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार? तरी एक फरक आहे, आणि तो मला आज पेटीवर बसल्यावर कळला. माझी पेटी बरेच दिवस सुरावर आणलेली नाही. एकाच स्वराच्या आतल्या दोन पट्ट्यांपैकी, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पात्यांपैकी, एक जराशी उतरली आहे. दोन्ही एकदम वाजल्या की आवाजात लाट येते: फुगतो, ओसरतो, फुगतो, ओसरतो. हिशेब सोपा आहे. एक पट्टी सेकंदाला २२० वेळा थरथरत असेल आणि दुसरी २२१ वेळा, तर सेकंदाला एक लाट. दोन्हींतलं अंतर वाढवलं की लाटा भराभर येतात आणि पोटात कसंतरी होतं. लहानपणी पेटी शिकवणारे सर ही थरथर ऐकली की हात धरायचे, "आधी सूर लावून आणा, मग शिका." योग्यच होतं ते. आपल्याकडे धरलेला सूर गायकाच्या पायाखालची जमीन असतो, ती हलता कामा नये.

लँकम ती जमीन मुद्दाम हलवतात. काँसर्टिना, पेटी, फिडल, पाइप्स असे चारपाच सूर अगदी जवळजवळ ठेवतात आणि त्यांच्या घासण्यातून जे गुरगुरणं निघतं ते वाढवत नेतात. माझ्या मते त्यांचा प्रयोग म्हणतात तो इथे आहे. जुन्या चालीला त्यांनी फारसं छेडलेलं नाही. ती कशावर उभी आहे ते बदललं.

'गो डिग माय ग्रेव्ह' ऐकताना हे सगळ्यांत लख्ख कळतं. प्रेमात फसलेल्या, जीव गमावलेल्या मुलीचं गाणं. हे असं एकसंध कुणी रचलेलं नाही; वेगवेगळ्या गाण्यांतून कडवी वाहत येऊन इथे अडकली आहेत, जशी आपल्याकडच्या ओव्यांची एक ओळ दहा गावांत दहा ओव्यांना चिकटलेली सापडते. रेडी पीटने ते केंटकीच्या जीन रिची यांच्या गायकीतून घेतलं. सुरुवातीला जवळपास तिचा एकटीचाच आवाज. गोड नाही तो आवाज. नाकातून, कडेला धार असलेला, सरळ समोर येणारा. ती रडत नाही, शब्दांवर जोरही देत नाही, फक्त सांगते. मग अर्ध्यावर एक जड ठोका सुरू होतो. त्यावर तारवाद्यं चिरकू लागतात आणि पुढची तीनचार मिनिटं तेच चालू राहतं.

त्यांनी स्वतः सांगितलंय की हा उत्तरार्ध आयर्लंडमधल्या मृताभोवतीच्या विलापाच्या परंपरेतून सुचला. बायका प्रेताजवळ बसून सूर लावून शोक करत आणि चर्चला ते खपत नसे. आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: हेल काढून रडणं. तो हेल मी लहानपणी एकदा एका घरात ऐकला होता. कुणाचं घर ते इथे लिहीत नाही. तेव्हा कुणीतरी मला हाताला धरून बाहेर नेलं, आणि काल-आज ती तारवाद्यं ऐकताना मी पुन्हा त्या दाराशी उभी होते. या वेळी आत जाऊन बसले.

रात्री पेटीवर खालचा षड्ज धरला आणि त्याच्याशेजारी ती उतरलेली पट्टी. बराच वेळ भाता सोडला नाही. पेटी दुरुस्तीला न्यायची आहे, पण आणखी थोडे दिवस राहू दे.

शुक्रवार

नावाबद्दल लिहायचं राहिलं होतं.

आधी बँडचं नाव 'लिंच्ड' होतं, भावांच्या आडनावावरून केलेली कोटी. २०१५ मध्ये ते बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या संगीताच्या कार्यक्रमात याच नावाने झळकले. म्हणजे नाव लोकांच्या तोंडी बसायला लागलं होतं, वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर. आणि २०१६ मध्ये त्यांनी ते टाकून दिलं. अमेरिकेत काळ्या लोकांच्या झुंडबळींशी जोडलेला शब्द आपल्या माथ्यावर मिरवायचा नाही, असं ठरवून. ओळख नुकती जमली असताना ती सोडून देणं किती जड गेलं असेल. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर कुठल्याही पुरस्कारापेक्षा या एका गोष्टीने जास्त वाढला.

नवं नाव त्यांनी 'फॉल्स लँकम' या जुन्या खुनाच्या कथागीतातून घेतलं, जॉन रायली गायचे त्यातून. रायली हे आयर्लंडच्या भटक्या समाजातले, 'ट्रॅव्हलर' म्हणतात त्यांना. १९६०च्या दशकात टॉम मन्नली या संग्राहकाने रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावी त्यांची गाणी टेपवर घेतली. मोठमोठ्या अभ्यासकांना जी गाणी फक्त छापील पानांवर माहीत होती, ती या माणसाच्या गळ्यात जिवंत होती. १९६९ मध्ये रायली गेले, हलाखीत. त्यांच्याकडून आलेलं एक गाणं १९७३ मध्ये 'प्लँक्स्टी' या बँडने गायलं आणि त्या अल्बमचं नावही तेच ठेवलं. तोवर ऐकायला रायली नव्हते.

हे मला छळतं. चांगलं परीक्षण, यादीतलं नाव, पुरस्काराची रात्र, यातलं काहीच त्या माणसाच्या वाट्याला आलं नाही. लँकमला हे चांगलं माहीत असणार. इयन लोकसाहित्याचा अभ्यासक आहे आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवर 'फायर ड्रॉ निअर' नावाचं पॉडकास्ट करतो. एकेका गायकाचं नाव घेऊन, गाव सांगून गाणं ऐकवतो. आणि आता त्यांचं कौतुक करणारा प्रत्येक समीक्षक, माहीत असो वा नसो, रायलींच्या तोंडचाच एक शब्द उच्चारतो.

आज रायलींचं एक मुद्रण मिळवून ऐकलं. एकटा आवाज, साथीला काही नाही. मध्येच ते श्वासासाठी थांबतात, टेपचं खरखरणं ऐकू येतं, आणि मग पुढची ओळ येते. त्या थांब्यात माझा हात आपोआप पेटीच्या भात्याकडे गेला होता. सूर दिला नाही. तसाच धरून बसले, गाणं संपेपर्यंत.