आज मीटिंगले गेलो

शेवटी आज एएच्या मीटिंगले गेलो, अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडाले एकमेकाले साथ देणाऱ्यांचा गट. आमचा वर्धा जिल्हा कागदावर दारूबंदीचा हाय बाप्पा, पण गावठी काय अन् बाहेरून आलेली काय, ज्याले पाह्यजे त्याले भेटतेच, सोडाची म्हटलं तं कुठं जावं हे मात्र कोणी सांगत नाही. मले डॉक्टरनं सांगितलं, तेही आधी दम देऊन, का रोजची असंल तं मनानं एकदम बंद करू नको, झटके येतात, आधी गोळ्या अन् मग मीटिंग.

तालुक्याले शाळेची खोली, लहान पोरांचे बेंच, गुडघेच मावत नाहीत. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. आपल्याकडं आडनाव विचारल्याशिवाय लोक चहा पाजत नाहीत, मले तं हेच लय भारी वाटलं! एक काका बोलले, पोळ्याच्या दिवशी मी नालीत पडून होतो, पोरानं एकट्यानं जोडी सजवून तोरणाखाली नेली. कोणी हसलं नाही, सल्ला बी नाही, नुसतं थँक्यू अन् पुढचा. १९३५ मधे अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच हे सुरू केलं म्हणे, त्यातला एक तं डॉक्टर होता.

माझी पाळी आली तं नाव सांगून बसलो खाली. घरी आल्यावर बायकोले म्हटलं पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाची अशीच मीटिंग असते, तू बी जाशीन का, तं म्हणते आधी तुम्ही पुढच्या मीटिंगले जा, मग पाहू.