झाकण लावलं तरी लॅपटॉप झोपत का नाही?

बॅगेतून काढलेला लॅपटॉप हाताला चटका देतो आणि रात्री शंभर टक्के असलेली बॅटरी सकाळी तळाला गेलेली असते. असं झालं की बहुतेक जण थेट विंडोज फॉरमॅट करायच्या मागे लागतात. तेवढी गरज सहसा नसते. लॅपटॉप झोपत का नाही, याची नोंद विंडोजकडे असते, ती फक्त मागावी लागते.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. लॅपटॉप झोपतच नाही, झोपतो पण मध्येच जागा होतो, की झोपल्यावर उठत नाही? तिन्हींची कारणं वेगळी असतात. मग स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा आणि त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. खालच्या सगळ्या कमांड 'पॉवरसीएफजी' याच शब्दाने सुरू होतात (अर्थात इंग्रजीत टाइप करायच्या, मध्ये जागा न सोडता). त्यानंतर एक स्पेस, मग स्लॅश आणि पुढचा शब्द.

पहिली कमांड 'पॉवरसीएफजी /ए'. तुमच्या मशीनला झोपेचे कोणते प्रकार जमतात, ते ती सांगते. यादीत 'स्टँडबाय एस३' असेल तर जुनी, खरी झोप आहे: प्रोसेसर बंद, वीज जवळपास फक्त रॅमपुरती. 'एस० लो पॉवर आयडल' असेल तर तो मॉडर्न स्टँडबाय. त्यात मशीन मोबाइलसारखं अर्धवट जागं राहतं, वायफाय धरून ठेवतं, मेल आणि अपडेट बघतं. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हाच प्रकार असतो आणि बॅगेत तापण्याच्या तक्रारी मुख्यतः याच मशीनच्या.

अशा मशीनवर 'पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी' चालवा. गेल्या तीन दिवसांचा अहवाल एचटीएमएल फाइलमध्ये तयार होतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्यावर तो सहसा विंडोजच्या 'सिस्टिम३२' फोल्डरमध्ये जातो, नेमकी जागा कमांडच्या उत्तरात दिसतेच. झोपेच्या प्रत्येक सत्रात किती बॅटरी गेली हे तिथे कळतं. त्या सत्रावर क्लिक केलं की 'टॉप ऑफेंडर्स' म्हणून यादी उघडते आणि कोणत्या ड्रायव्हरने (म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) किंवा प्रोग्रामने मशीनला जागं ठेवलं ते नावानिशी दिसतं. तिथे वायफाय कार्ड, ऑडिओ किंवा एखादं यूएसबी उपकरण सगळ्यात वर असेल, तर त्याचाच ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या. ड्रायव्हर शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र वापरू नका.

माझ्या मते मॉडर्न स्टँडबायवर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे बॅटरीवर असताना झाकण लावलं की हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज' इथे जा आणि 'ऑन बॅटरी'खाली हायबरनेट निवडा. हा पर्याय दिसतच नसेल तर 'पॉवरसीएफजी /एच ऑन' चालवा. त्यासाठी सी ड्राइव्हवर साधारण रॅमच्या ४० टक्के जागा लागते, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी. उघडताना थोडे सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत मशीन पूर्ण बंद असतं.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) बदल करून एस३ परत आणा, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. त्या आधी '/ए'चं उत्तर पुन्हा वाचा. एस३खाली 'सिस्टिम फर्मवेअर सपोर्ट करत नाही' अशा अर्थाची ओळ असेल तर तो बदल करू नका. एस३ तर येत नाहीच, उलट असलेली झोपही जाते. काही थिंकपॅड लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) 'स्लीप स्टेट' हा पर्याय असतो, तिथून बदलणं हाच बरोबर मार्ग.

आता, झोपेसाठी सेटिंगमध्ये ठरवलेली वेळ संपली तरी लॅपटॉप झोपत नसेल तर 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स'. प्रत्येक मथळ्याखाली 'नन' असायला हवं. 'सिस्टिम'खाली ऑडिओ स्ट्रीम वापरात असल्याची ओळ दिसली, तर बहुधा ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये आवाज किंवा मीटिंग चालू आहे.

मध्येच जागा होत असेल तर 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' आणि '/वेकटायमर्स'. ठरावीक वेळी मशीनला उठवणारा टायमर सापडला तर पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्लीप'खाली 'अलाऊ वेक टायमर्स' डिसेबल करा. माऊस किंवा नेटवर्क कार्ड उठवत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवरची 'अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' ही खूण काढा. मॉडर्न स्टँडबायवर '/लास्टवेक' पुष्कळदा काहीच सांगत नाही. तेव्हा इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवरच्या ५०६ आणि ५०७ क्रमांकाच्या नोंदी बघा. ५०६ म्हणजे झोपला, ५०७ म्हणजे उठला, सोबत कारण.

उठत नसेल, पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि न सेव्ह केलेलं काम वाचू शकतं. तरीही काही नाही झालं, तरच पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. हे वारंवार होत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर आणि बायोस, दोन्ही अपडेट करा. बायोस करताना चार्जर लावलेलाच ठेवा.

लॅपटॉप उघडा असताना, काम चालू असतानाच झोपत असेल तर सेटिंगमध्ये शिरण्याआधी टेबल बघा. अनेक लॅपटॉपमध्ये झाकण बंद झाल्याचं चुंबकावरून ओळखलं जातं. झाकणात चुंबक, कीबोर्डच्या कडेला सेन्सर. चुंबकाचं मोबाइल कव्हर किंवा घड्याळाचा चुंबकी पट्टा त्या जागेवर आला की मशीनला झाकण लागल्यासारखं वाटतं. एका लॅपटॉपवर दुसरा उघडा लॅपटॉप ठेवला तरी हेच होतं.