दुगारवाडीला पहाटे एकट्याने (म्हणजे मी, मोत्या आणि मावशींचा नातू)

धबधब्याचा फोटो काढायला सोबत माणसं नेली की फोटो माणसांचे निघतात. एकाला पाण्याखाली हात पसरून उभं राहायचं असतं, दुसऱ्याला रील हवी असते आणि तिसरा "चला ना, मिसळ गार होईल" म्हणत घड्याळ दाखवत असतो. मिसळ अजून ऑर्डरही केलेली नसते. म्हणून या वेळी त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडीच्या धबधब्याला एकट्यानेच जायचं ठरवलं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, मधला वार. रात्री सॅक भरताना आई ट्रायपॉडकडे बघून म्हणाली, "पाण्याचे फोटो काढायला पहाटे चारला उठायचं? दोन दिवस नळाला पाणी नाही, त्याचा काढ की आधी." तरी सकाळी सॅकच्या वरच्या कप्प्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होतीच.

आधी रस्त्याचं सांगतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण ३० किलोमीटर, तिथून जव्हारच्या रस्त्याला लागायचं आणि सापगावजवळ दुगारवाडीकडे वळायचं. स्वतःची गाडी असेल तर सव्वा तास धरा. सिंहस्थाच्या कामांमुळे त्र्यंबक रोड कुठे खोदलेला तर कुठे वळवलेला असतो आणि काळोखात वळवलेल्या रस्त्याची पाटी ती ओलांडून गेल्यावरच दिसते. त्र्यंबकपर्यंत बस भरपूर आहेत, पुढे जव्हारची एसटी पकडून फाट्यावर उतरता येतं. पण बसने पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. फिरायला जायचं असेल तर बस उत्तम, फोटोसाठी जायचं असेल तर नाही.

श्रावणी सोमवार मात्र टाळा. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, त्या दिवशी त्र्यंबक रोडवर गाडी घालणं म्हणजे फेरीतच सामील होणं.

सातपूरची कारखान्यांची वस्ती मागे पडली की हवा बदलते. नाशिक शहरात वर्षाला जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्र्यंबकला त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त. हा फरक पुस्तकात वाचायची गरज नाही, महिरावणीच्या पुढे चष्म्यावर कळतो. अंजनेरीचा डोंगर धुक्यात पुरता गडप झाला होता. त्र्यंबकला पाचच्या सुमारास चहा घेतला. त्या वेळी तिथे फक्त दर्शनाला आलेले आणि पूजेला आलेले असे दोनच प्रकारचे लोक जागे असतात, त्यामुळे ट्रायपॉडची लांबट पिशवी बघून चहावाल्याने विचारलं, "कुठली पूजा?" म्हटलं, पूजा नाही, फोटो. त्यावर त्याने चहाचे पैसे आधी मागून घेतले.

वाडीजवळ एका घराच्या पडवीत गाडी लावली. आदल्या आठवड्यात येऊन तशी सोय करून ठेवली होती आणि वनखात्याचं प्रवेशाचं काय चालू आहे तेही तेव्हाच विचारून घेतलं होतं. हे तुम्हीही नक्की करा. भर पावसाळ्यात इथे बंदी येते, वेळेची बंधनं असतात, ती पावसाच्या जोरावर बदलतात. नाक्यावर जाऊन हुज्जत घालण्यापेक्षा आदल्या दिवशी गावात विचारलेलं बरं. उजाडण्यापूर्वी जंगलात शिरायचं नाही, हे तर कोणी न सांगताही पाळावं. माझा हिशोब साधा होता: पहिल्या उजेडाला वाटेला लागायचं, ऊन दरीत उतरायच्या आत फोटो उरकायचे.

घरातल्या मावशी चुलीपाशी होत्या. "एकलाच का रं भाऊ?"

"हो मावशी, एकटाच."

"घरच्यांसंगं भांडण झालं का?"

नाही म्हटलं, तरी त्यांना ते फारसं पटलं नाही. किती वाजता परत येणार ते विचारून घेतलं आणि बजावलं, "नऊपर्यंत नाही आला तर माणूस धाडते." एकट्याने जंगलात जाणाऱ्यांनी हा एक करार कुणाशी तरी करावाच. दरीत फोनला रेंज नाही, घरच्यांना टाकलेलं लोकेशन तिथे काही कामाचं नाही. वाडीतल्या माणसाला तुमची परतायची वेळ माहीत असणं ही खरी सोय.

निघालो तर मागे वाडीतलं एक तांबडं कुत्रं. दशमीचा तुकडा टाकून परत पाठवायचा विचार केला. दशमी खाऊन ते पुढे चालायला लागलं. नाव माहीत नव्हतं, मी मोत्या ठेवलं. तर एकटा असा मी फाट्यापासून वाडीपर्यंतच होतो.

वाट दोनेक किलोमीटरची, सुरुवातीला भातखाचरांच्या कडेने. भात पोटरीत आलेलं, बांधावर सोनकी पिवळीधम्मक, ओल्या जागी तेरडा. इथे थांबून फोटो काढायचा मोह होतो, तो परतीसाठी राखून ठेवा. सोनकी नऊ वाजताही तिथेच असते, मऊ उजेड नसतो. पुढे झाडी दाट होते आणि एक ओहोळ ओलांडावा लागतो. पाणी तेव्हा घोट्याच्या वर होतं. या ओहोळाला हलक्यात घेऊ नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी दुगारवाडीला असंच अचानक पाणी वाढलं, पर्यटक पलीकडे अडकले, रात्रीच्या काळोखात त्यांना बाहेर काढावं लागलं आणि एकाचा जीव गेला. डोक्यावर आभाळ निरभ्र असतं आणि वरच्या पठारावर पाऊस कोसळत असतो, घात तिथे होतो. सप्टेंबरअखेरीस परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर गडगडाट करत येतो, पहाटेचं जाणं त्या दृष्टीनेही सोयीचं. पण जुलै-ऑगस्टमध्ये तो नियम नाही.

ओहोळ ओलांडला आणि झाडीतून कोणीतरी शीळ घातली. अगदी आरामात, गाण्याची ओळ आठवत नसल्यागत, मध्येच सूर सोडून, पुन्हा पहिल्यापासून. मी थांबलो, शीळही थांबली. "कोण आहे?" म्हणून हाळी दिली. मोत्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. शीळकरी कस्तुर हा पक्षी ओढ्याकाठी पहाटे असाच गातो, हे मला माहीत होतं. पण काळोखातून नुकतं उजाडत असताना माहिती आणि माणूस यांची फारकत होते.

शेवटचा उतार दगडांचा आणि शेवाळाचा. भारी ट्रेकिंगचे बूट इथे मिरवायला ठीक, पण वाडीतली मंडळी शंभर-दोनशे रुपयांच्या रबरी बुटांत माझ्या दुप्पट वेगाने उतरतात. काळा, चकाकणारा दगड दिसला की त्यावर पाय देऊ नका. खरबरीत, मळकट दिसणारा दगड विश्वासाचा. ट्रायपॉडचा एक पाय उलगडून काठीसारखा वापरायचा मोह होतो. नका वापरू, त्याची पकड निसटली की पाय आत सरकतो आणि तुम्ही बाहेर. बांबूची काठी वाटेवर मिळते.

आणि मग धबधबा. जुलैत इथे नुसता पाण्याचा धूर असतो, समोर कॅमेरा धरला तर भिजलेल्या काचेखेरीज काही येत नाही. सप्टेंबरच्या शेवटी पाणी स्वच्छ होतं, कातळाचे टप्पे दिसायला लागतात आणि हिरवळ अजून टिकून असते. फोटोसाठी मी कधीही सांगेन: भर पावसात जाऊ नका, पाऊस ओसरताना जा.

आता कॅमेऱ्याचं. सूर्य साडेसहाच्या आत उगवतो, पण दरी अरुंद असल्याने ऊन पाण्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागतो, मला साधारण साडेआठपर्यंत सलग सावली मिळाली. ही सावलीच हवी. एकदा पाण्यावर ऊन पडलं की फेस पांढराफटक जळतो आणि झाडी काळी पडते, मग कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते ११, आणि एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी ठेवून सुरुवात केली (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). सर्वांत कामाची वस्तू म्हणजे पोलरायझर, लेन्सवर बसवायची फिरती काच. ओल्या दगडावरची, पानांवरची चकाकी तो काढून टाकतो, खालचा हिरवा आणि तांबूस रंग वर येतो, शिवाय दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो तो वेगळा फायदा. पहाटेच्या सावलीत तेवढ्यावर अर्ध्या-एक सेकंदाचा शटर मिळतो, म्हणजे तेवढा वेळ कॅमेरा उघडा राहतो आणि वाहतं पाणी मऊ उमटतं. उजेड अडवणारी काळी काच, म्हणजे महागडा एनडी फिल्टर, सॅकमध्येच राहिला. ट्रायपॉड पाण्यात रोवायचा असेल तर मधला दांडा वर काढू नका, सॅक खाली टांगा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. तुषार सतत येतात. हॉटेलात फुकट मिळणारी प्लॅस्टिकची शॉवर कॅप कॅमेऱ्याला घाला, फोटोपुरती काढा. काच पुसायला तीन-चार कोरडी फडकी न्या, एक मोत्याला लागेल.

कारण कुत्रं पाण्यात जातं, बाहेर येतं आणि अंग झटकतं. ते नेमकं कुठे झटकायचं याचं मोत्याला उपजत ज्ञान होतं. नंतर ते फ्रेमच्या मधोमध एका खडकावर जाऊन बसलं. म्हटलं बरं झालं, धबधब्याचा आकार कळायला काहीतरी लागतंच. पण एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये त्याने डावीकडे पाहिलं, वर पाहिलं आणि खेकडा दिसला म्हणून खाली पाहिलं. फोटोत पाणी अप्रतिम, कातळ काटेकोर, आणि मध्ये तीन तोंडांचा मोत्या. त्र्यंबकाच्या मुलखात ते शोभूनही दिसत होतं.

नऊ वाजले आणि मावशींनी शब्द पाळला. माणूस आला: वय दहाएक वर्षं, डोक्यावर प्लॅस्टिकच्या गोणीची खोळ, पायात काही नाही. "आजीनं बघून ये म्हटलं, हायेस का ते." आहे म्हटलं. तो जाईना. माझ्या शेजारी उकिडवा बसून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावला. दोन सेकंदांचा फोटो होता, माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात देखणा. पोरगं बराच वेळ बघत राहिलं.

"हे पाणी पिंजलेल्या कापसावानी का झालंय? बिघडला का फोटो?"

मी त्याला शटरचं समजावून सांगितलं. त्याने समोरच्या पाण्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा एक काढून दाखवला, त्यात थेंब न् थेंब हवेत गोठलेला. "हे पण नाही. पाणी थांबतं का कुठं?" एक चतुर्थांश सेकंदावर आल्यावर साहेबांनी पसंती दिली: धार दिसते, वेगही दिसतो. घरी मोठ्या पडद्यावर सगळे फोटो शेजारी ठेवून पाहिले तर पोराचं बरोबर होतं. पाणी जोरात पडत असेल तर पाव ते अर्धा सेकंद पुरे, त्यापुढे धबधब्याचा पोतच निघून जातो. पातळ, कातळावरून सरपटणाऱ्या धारेला मात्र एक-दोन सेकंद शोभतात. पानं वाऱ्याने हलत असतील तर त्याच जागेवरून एक जलद शटरचा फोटो घेऊन ठेवा, नंतर दोन्ही जोडता येतात. फोनवाल्यांनी निराश होऊ नये: आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर निवडता येतं, फोन दगडावर टेकवला की झालं.

पाणी वाढतंय हे कसं ओळखायचं, तेही त्यालाच विचारलं. "लाल झालं का पळायचं. पाला वाहात आला का पळायचं. आवाज बदलला तरी पळायचं." आणि कुठे पळायचं? त्याने वाटेकडे न दाखवता बाजूच्या चढाकडे बोट केलं. वर, पाण्यापासून लांब. ओहोळ ओलांडून घरी जायची घाई करायची नाही. डोहात उतरण्याबद्दल विचारलं तर तो नुसता "नाही" म्हणाला, कारण सांगायच्या भानगडीत पडला नाही. मीही सांगत नाही. नका उतरू.

परत निघालो तेव्हा समोरून पहिला घोळका येत होता, स्पीकर चालू. मधल्या वारी ही गत, रविवारी काय असेल ते ओळखा. ज्यांना चालायचं नाही त्यांनी त्र्यंबकजवळच्या पहिने गावाला जावं, तिथे धबधबे रस्त्यावरूनही दिसतात, गर्दी तितकीच. आणि ज्यांना नाशिकही सोडायचं नाही, त्यांना गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असला की सोमेश्वरचा धबधबा आहेच, गोदावरीचा, शहराच्या वेशीवर.

मावशींनी चहा दिला, गाडीचे पैसे घेतले, दशम्यांचा उरलेला तुकडा मोत्याने घेतला. नातवाला पाव सेकंदाचा फोटो हवा असेल म्हणून विचारलं, छापून आणून देतो. त्याला तीन तोंडांचा मोत्या हवा होता. पुढच्या खेपेला तोच घेऊन जायचाय, चांगला आठ बाय बाराचा, लॅमिनेशन करून, कारण त्या घराच्या भिंतीला ओल असते.

घरी पोचल्यावर सॅक तशीच कोपऱ्यात टाकू नका. बॅटरी, कार्ड आणि लेन्स काढून कॅमेरा पंख्याखाली ठेवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात. तांदळाच्या डब्यात नको. तांदळाची भुकटी फटीत जाते, आणि आमच्याकडे तर डबा उघडणारी माणसं आधीच नळाच्या पाण्यावरून वैतागलेली असतात.