मोगऱ्याला आच दाखवू नका

घरी मोगऱ्याचं अत्तर करायला घेतलंय. आज कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून आणलेल्या मोगऱ्याची चौथी फेरी चरबीच्या ताटावर चढली. अत्तर म्हटलं की लोक लगेच उकळायला बसतात. गुलाब भट्टीवर निघतो, पण मोगऱ्याचा वास आचेनं करपतो. शिवाय हे फूल तोडल्यावरही रात्रभर वास सोडत राहतं. तो थंड चरबीत धरायचा.

दोन भाग खोबरेल, एक भाग कोकमतेल मंद वितळवून काचेच्या ताटात अर्धा सेंटिमीटर थर ओता. नुसतं खोबरेल पंचवीस अंशाच्या आसपास पातळ होतं, म्हणून घट्ट राहणारं कोकमतेल. गोठल्यावर थर नखानं ओरखडा उठेल इतपत मऊ हवा. फारच कडक झाला तर वास आत शिरत नाही, खोबरेल वाढवा.

कळ्या संध्याकाळी घ्या, पाणी न मारलेल्या मागा. गजरेवाले ताजेपणासाठी शिंपडतात, आणि सगळं बिघडतं ते तिथंच: थेंबभर पाणी राहिलं की दोन दिवसांत बुरशी, आठवड्यात खवट वास. फडक्यावर तासभर पसरा, हिरवे देठ खुडा, उमलती तोंडं खाली करून मांडा, वर दुसरं ताट पालथं घाला.

चोवीस तासांनी फुलं चिमट्यानं उचला. तपकिरी पाकळी एकही ठेवू नका, कुजका वास चरबी तितक्याच इमानानं धरते. त्याच चरबीवर ताज्या फुलांच्या अशा दहा-पंधरा फेऱ्या. मग चरबी खरवडून डबीत भरा, मनगटावर चोळायला तशीच चालते.

आषाढात हा उद्योग नको. कोल्हापूरच्या पावसात फूल सुकतच नाही.